चिल्लरीतल्या नाण्याचा खरा भाव

महोदय,

वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच-दहाच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असे संदेश फिरत असतात. ते नाणे २०१२ मध्ये श्राइन बोर्डाच्या (तिथल्या देवस्थान मंडळाच्या) निमित्ताने चलनासाठीच पाडले गेले. ते दुर्मीळ नाही. १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे अकराकोनी दोन रुपयांचे नाणे कोल्हापूरकर देवाऱ्यात ठेवतात. ते जिव्हाळ्याने जरूर जपावे, पण त्याला लाखाचे गिऱ्हाईक नाही.

आधी सालाखालची खूण पाहावी. पत्त्यातल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई टांकसाळ, चांदणी हैदराबाद, ठिपका नोएडा. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. 'खूण विसरलेले नाणे' म्हणून जे विकायला येते, ते बहुधा हेच.

किंमत खरी असते ती टांकसाळीतल्या चुकीला. नाणे वर-खाली दोन बोटांत धरून वहीचे पान उलटावे तसे फिरवा. आपल्या नाण्यांची मागची बाजूही सरळच दिसायला हवी. चार-सहा अंश तिरकी असेल तर विशेष काही नाही. ९० किंवा १८० अंश फिरलेली असेल तर ते नाणे वेगळे ठेवा. छाप किंचित सरकलेली नाणी खूप सापडतात; अर्धी छाप गायब पण साल शाबूत, अशा नाण्याला संग्राहक चांगले पैसे देतात. कधी आधीचे नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याची खोलगट, उलटी छाप उमटते. याची नक्कल दोन नाणी व्हाइसमध्ये दाबून करतात. दहापट भिंगातून पाहिले तर नकलीत मूळ छापेवरच दुसरी छाप बसलेली आणि उंच भाग चेपलेले दिसतात. मधली चकती ठोकून काढलेली दहाची नाणीही विकायला येतात. चकतीविना खरोखर ठसा बसला असता, तर दाबाने धातू भोकाकडे पसरला असता. आतली कड तासल्यासारखी सरळ असेल तर घेऊ नका.

नाणे पारखायला वजनकाटा हवाच. पाचचे जुने तांबे-निकेलचे जाड नाणे ९ ग्रॅम भरते, २००७ चे स्टीलचे ६ ग्रॅम.

आणि कृपा करून चिंच, लिंबू, पितांबरी लावू नका! मूळ झळाळी घासली की परत येत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक पहिल्या नजरेत ते ओळखतो. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांनी तांबे-निकेल हिरवे, चिकट होते. पुठ्ठ्याचे होल्डर वापरा.

भाव ठरवताना जाहिरातीतला आकडा धरू नये, लिलावात प्रत्यक्ष विकल्याची किंमत पाहावी. नोंदणी शुल्क, कर किंवा कमिशन आधी मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केले आहे की अशा व्यवहारांत ती नाही आणि कोणाला शुल्क घेण्याचा अधिकारही तिने दिलेला नाही. पैसे गेलेच असतील, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवावी.

– एक नाणेसंग्राहक, शाहूपुरी, कोल्हापूर