ईएलसीबी ‘डायरेक्ट’ करू नका

संपादक महोदय,

पावसाने झड धरली की आम्हा वायरमनना ठरलेला फोन येतो: “ईएलसीबी सारखा पडतोय, तेवढा काढून डायरेक्ट करून द्या.” ईएलसीबी म्हणजे करंट कुठे गळू लागला की लाइन तोडणारा स्विच, आणि डायरेक्ट म्हणजे तो वगळून लाइन थेट जोडणे. अनेक जण तसे करूनही देतात. दिवे लागतात, घरचे खूश होतात. पण तो ज्यामुळे पडत होता ते लीकेज (करंटची गळती) भिंतीत तसेच राहते. हे थांबायला हवे, म्हणून हे पत्र.

एमसीबी आहे म्हणजे झाले, असा बऱ्याच जणांचा समज असतो. लोड वाढला किंवा शॉर्टसर्किट झाले तर तो पडतो. वायर जळू नये एवढेच त्याचे काम. माणसाचा जीव जायला 50 ते 100 मिलिअँपिअर पुरतात, आणि 16 अँपिअरच्या एमसीबीला ते कळतही नाहीत. ईएलसीबी (हल्ली बसवतात तो आरसीसीबी) फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरची तफावत दिसली, म्हणजे तेवढा करंट माणसातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जाऊ लागला, की क्षणात लाइन तोडतो. मात्र एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातात आले, तर तोही वाचवू शकत नाही.

आपल्याकडे कोकणात तर त्याची गरज जास्तच. जांभ्याच्या सड्यावर (पठारावर) माती वीतभर, खाली कातळ. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. समजा अर्थिंगचा रेझिस्टन्स 40 ओहम आहे आणि पंपाच्या बॉडीला फेज लागला. 230 व्होल्टला जेमतेम पावणेसहा अँपिअर वाहतील. एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि पंपाच्या बॉडीत करंट तसाच राहील. आरसीसीबी मात्र तिथेच पडेल.

आता दोष कसा शोधायचा ते. सगळे एमसीबी खाली करा, ईएलसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर घ्या. ज्याला पडेल ती लाइन संशयित. पण इथेच फसगत होते. साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. न्हाणीतल्या गीझरचा न्यूट्रल अर्थला टेकला असेल, तर गीझर बंद असतानाही भलत्याच लाइनवर लोड आला की ईएलसीबी पडतो. लोक म्हणतात, फ्रिज लावला की पडतो, आणि बिचाऱ्या फ्रिजवर खर्च करतात. म्हणून बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून काढायचे. इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल ईएलसीबीच्या पुढे-मागे मिसळलेला नाही ना, हेही पाहायचे. त्यानंतरही पडत राहिला तर वायरिंग मेगरने (वायरचे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासून घ्यावे. ते जाणकार वायरमनचे काम, घरच्यांनी बोर्ड उघडू नये.

बहुतेक वेळा दोष सापडतो तो पडवीतल्या बाहेरच्या दिव्यात, विहिरीवरच्या पंपाच्या टेप गुंडाळलेल्या जॉइंटमध्ये, नाहीतर कौलातून ठिबकणाऱ्या पाण्याखालच्या जंक्शन बॉक्समध्ये. खाऱ्या हवेने पितळी स्क्रूवर हिरवट थर चढलेला असतो आणि आत मुंग्यांनी माती भरलेली. साफ करून जॉइंट नवा केला की पडणे थांबते. पुष्कळदा खर्च एका केबलच्या तुकड्याचा असतो.

ईएलसीबीवर ‘टी’ लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. लाइन गेली नाही तर ईएलसीबी निकामी समजून बदलावा. हे बटण अर्थिंग तपासत नाही, त्यासाठी वेगळे माप घ्यावे लागते.

गणपतीला चाकरमानी येऊन वर्षभर बंद असलेली घरे उघडतात, माटवीवर (गणपतीच्या वरच्या सजवलेल्या चौकटीवर) दिव्यांच्या माळा चढतात. त्याआधी आपण हे छापावे, ही विनंती. आणि माझ्या व्यवसायबंधूंना सांगणे एवढेच, की गिऱ्हाईक कितीही मागे लागले तरी डायरेक्ट करून देऊ नका. घाई असेल तर दोष असलेल्या लाइनचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवून ठेवा आणि बाकीचे घर ईएलसीबीवरच चालू द्या.

एक वायरमन, देवगड