इस्मत चुगताई यांच्या पटकथांचे जतन व्हावे

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

उर्दू लेखिका इस्मत चुगताई यांचे नाव निघाले की चर्चा ‘लिहाफ’ या कथेवर आणि त्या कथेपायी लाहोरच्या न्यायालयात चाललेल्या अश्लीलतेच्या खटल्यावर येऊन थांबते. ‘टेढी लकीर’ ही त्यांची कादंबरी निदान अभ्यासकांना ठाऊक आहे. मुंबईच्या चित्रसृष्टीसाठी त्यांनी केलेल्या लेखनाची मात्र फारशी कुणी दखल घेत नाही, आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

बदायूँ येथे १९१५ साली जन्मलेल्या इस्मतआपा शाळा-निरीक्षक म्हणून मुंबईत आल्या, इथल्याच झाल्या आणि १९९१ मध्ये इथेच वारल्या. देव आनंद यांना पहिले मोठे यश देणाऱ्या ‘जिद्दी’ची (१९४८) कथा त्यांची. ‘सोने की चिडिया’ (१९५८) हा त्यांनी लिहिलेला चित्रपट त्यांचे पती शाहिद लतीफ यांनी दिग्दर्शित केला. त्यात नूतन यांनी साकारलेली नायिका लोकप्रिय नटी आहे आणि तिच्या कमाईवर पोसले जाणारे नातलगच तिला पिळून काढतात. ज्या धंद्यात आपण स्वतः वावरतो, त्यातल्या बाईच्या पैशावर हक्क कुणाचा, हे त्याच धंद्याच्या पडद्यावर विचारायला धाडस लागते, आणि ते त्यांच्यापाशी होते. पुढे दिग्दर्शक एम. एस. सत्यू यांचा, फाळणीनंतर भारतातच राहिलेल्या एका मुस्लिम कुटुंबावरचा ‘गर्म हवा’ हा चित्रपट त्यांच्याच अप्रकाशित कथेवरून उभा राहिला. हवेली सोडायची वेळ येते तेव्हा त्यातली आजी लपून बसते आणि तिला उचलून बाहेर आणावे लागते, हे ज्याने पाहिले तो ते विसरत नाही.

चित्रपटाची प्रत कुठेतरी उरते; संवादांच्या वह्या, खाडाखोड केलेले कागद मात्र रद्दीत जातात. त्यातून त्या काळी हे लेखन बहुधा उर्दू लिपीत होई, आणि ती लिपी सहज वाचणारी जुनी माणसे आता कमी होत चालली आहेत.

म्हणून विनंती अशी की, दादासाहेब फाळके चित्रनगरीमार्फत निर्मात्यांच्या वारसांकडे आणि संग्राहकांकडे चौकशी करून जे कागद हाती लागतील ते स्कॅन करून घ्यावेत, उर्दूच्या जाणकारांकडून त्यांचे देवनागरीत लिप्यंतर करून घ्यावे आणि निवडक पटकथा मराठी अनुवादासह प्रसिद्ध कराव्यात. सुरुवात ‘सोने की चिडिया’पासून व्हावी.

आपला विश्वासू,
एक वाचक