कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, कारागीर काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी गडबडीत तुमचे नीट आभार मानायचे राहून गेले. मेटल डिटेक्टर (धातू शोधायचं यंत्र) वाजला म्हणून उचललेला तो चकाकणारा दगड तुमच्याआधी एकानं लांबूनच ‘सोनंच’ ठरवून तपासणीचे पैसे मागितले, दुसऱ्यानं हसून वाटेला लावलं. तुम्ही मात्र पांढऱ्या फरशीचा तुकडा काढलात, चकचकीत बाजू खाली, खरखरीत वर, आणि म्हणालात, “घे, तूच ओढ की.” हिरवट काळी रेघ उमटली. मग तुमच्या कामातली सोन्याची तार तिच्या शेजारी ओढलीत. पिवळीधमक! म्हणजे माझा दगड सोनं नव्हे, पायराईट, सोन्यासारखं चकाकणारं लोखंड-गंधकाचं खनिज. ज्या धंद्यात दुकानातली धूळसुद्धा सोन्याच्या कणांसाठी चाळतात, तिथं अनोळखी माणसाला पटावं म्हणून तुम्ही स्वतःचं सोनं फरशीवर घासलंत. काका, हे मी विसरणार नाही.

कसोटी, म्हणजे सोनं घासून पाहायचा काळा दगड, हाताशी असून फरशी का, तेही सांगितलंत: काळ्या दगडावर काळा कस, म्हणजे काळी रेघ, दिसणार कशी?

तुमचं शिकवणं इतरांच्याही उपयोगी पडावं. सुईचं टोक दाबलं की सोन्यावर खळगा पडतो. पायराईट सुईला दाद देत नाही, जोर लावला तर त्याचा चुरा होतो. पायराईटचे स्फटिक बहुधा चौकोनी, अंगावर बारीक समांतर रेघा. सावलीत धरलं तरी सोनं पिवळंच दिसतं. अभ्रक उन्हात लखलखतं, सावलीत विझतं आणि नखानं त्याचा पापुद्रा निघतो. सुटा कण काट्यावर तोलून, मग दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत तोलावा. जेवढं वजन घटलं, त्यानं मूळ वजनाला भागलं की पायराईट 5 च्या आसपास येतं, शुद्ध सोनं 19.3. कण गारगोटीत अडकलेला असेल तर हा हिशोब फसतो, कारण गारगोटी जेमतेम 2.65 भरते. आणि डिटेक्टरच्या आवाजावर तर जाऊच नये. आपल्या काळ्या पाषाणातल्या, जांभ्यातल्या लोहखनिजावरही तो वाजतो.

पायराईटच्या पोटात डोळ्यांना न दिसणारं सोनं असू शकतं, ते प्रयोगशाळेतच कळतं, माझ्या हातचं नाही, हेही तुम्ही आपणहून सांगितलंत. इतकं स्वच्छ बोलणारी माणसं आपल्या कोल्हापुरात आहेत, याचा फार आनंद वाटतो. काकूंनाही नमस्कार सांगा.

तुमचा ऋणी