दिल्या, मयूरीशी तू बोल

अमळनेर, जूनअखेर

प्रिय दिल्या,

तुझ्या पत्राचं उत्तर राहिलंय, ते नंतर. आमची तब्येत ठीक, आईचा गुडघा तसाच. आज लिहितोय ते मयूरीसाठी, आणि हे तुलाच कळेल. बाकी कुणाला सांगितलं तर म्हणतील, एवढी गुणाची पोर, हिच्यात काय खोट काढतोस!

बी.एस्सी. झाली, मार्कही चांगले. आता विद्यापीठात एम.एस्सी.ला कोणता विषय घ्यायचा? परवा जेवताना तिने मोबाईल माझ्यापुढे सरकवला. फॉर्ममध्ये नाव, पत्ता, टक्केवारी सगळं भरलेलं. विषयाचा रकाना तेवढा रिकामा. "पप्पा, तुम्हीच टाका." केमिस्ट्री? "चालेल." बॉटनी? "चालेल." शेवभाजीच्या रश्श्यात बुडवलेला पोळीचा तुकडा तिने तसाच धरून ठेवला होता, आणि बोटं थरथरत होती. रात्री गच्चीवर मोठीमायजवळ रडताना ऐकलं : "माले काय वाटस, तेच माले समजत नही."

दिल्या, दरवर्षी वर्गात मी हेच शिकवतो रे. जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली कॉलेजच्या पोरांच्या मुलाखतींवरचं काम छापलं. कामधंदा, धर्म, राजकारण याबद्दल कधी गोंधळलात का, पर्याय चाचपलेत का, शेवटी काही ठरवलंत का, हे विचारलं. काही पोरांचं सगळं ठरलेलं होतं, पण शोधलेलं काहीच नव्हतं. आईबापाचं मत तेच त्यांचं. अशी पोरं वरून अगदी शहाणी दिसतात. पण त्यांच्याबद्दल कुणी वाईट मत दिलं की त्यांचा स्वतःवरचा विश्वास लवकर डळमळतो, हेही त्याच्याच प्रयोगात दिसलं. मयूरीचं तसंच झालंय. आजवर आम्ही सांगितलं ते तिने आपलं मानलं. आता आम्ही गप्प बसलो, तर तिच्या हाती काहीच नाही.

आपलं जळगावचं विद्यापीठ १९९० चं. सालोवे आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली तीही १९९० चीच. आता नोकरीच्या तयारीच्या शिबिरांत 'राग आवरा, टीममध्ये मिसळा' एवढंच त्यातलं उरलंय. मूळ मांडणीत सुरुवात आहे ती आपल्या आत काय चाललंय ते ओळखण्यापासून; आवरणं नंतरचं. मयूरी कधी चिडत नाही म्हणून सगळे नातेवाईक तिला समजूतदार म्हणतात. मला तो समजूतदारपणा वाटत नाही. चिडायची मुभाच तिला कधी नव्हती.

आता तू तुझं आठव. एम.एस्सी. अर्ध्यात टाकून, कुणाला न सांगता सुरतेच्या पॅसेंजरमध्ये बसलास. त्यावरून आपण भांडलो, आणि मी आजही म्हणेन, सांगून जायला हवं होतंस! खोलीचं भाडं माझ्या माथी मारलंस ते वेगळंच. पण वर्षभर तू गाठोडी उचललीस, शिकवण्या घेतल्यास, अण्णांनी बोलणं टाकलं तेही सोसलंस, आणि मग आपणहून येऊन फॉर्म भरलास. तरुणपणी ठरवाठरवी लांबवायला जी सवलतीची मुदत लागते असं मानसशास्त्रज्ञ एरिक्सन म्हणतो, ती तू भांडून घेतलीस.

हिला ती कुठून आणून देऊ? सुलभा म्हणते, वर्ष गेलं तर उद्या स्थळवाले विचारतील, पोरगी घरी का बसली होती. ही भीती खोटी नाही. मुलाचं वर्ष गेलं तर कुणी विचारत नाही, मुलीचं गेलं तर अख्खी गल्ली विचारते. घर सोडून स्वतःला शोध, असं मी तिला म्हणणार नाही. आपल्याकडे घर सुटत नाही, सुटूही नये. पण घरात राहूनच 'मला हे नको' असं तिला म्हणता आलं पाहिजे, पहिल्यांदा मलाच.

पाऊस नाही अजून. दादाने कपाशीची धूळपेरणी केली आणि आता रोज आभाळाकडे बघतो. तुझं दुकान कसं चाललंय? वहिनींना नमस्कार. चिरंजीव बारावी पास झाले, अभिनंदन! पेढे नकोत, घारी पाठव.

एवढं कर. फॉर्मची मुदत संपायच्या आत तिला फोन कर. विषय सुचवू नकोस, तुझा तो केमिस्ट्रीचा पुळका जरा आवर. त्या वर्षात रात्री तुला काय वाटायचं, कशाची भीती वाटायची, अण्णांचा राग कसा यायचा, तेवढं सांग. आणि मग तिला बोलू दे. ती गप्प राहिली तरी फोन ठेवू नकोस. संध्याकाळी सातनंतर कर, तेव्हा ती गच्चीवर एकटी असते. ती काय म्हणाली ते मला सांगितलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
भास्कर