पडून दाखवणारे नायक

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जगभरच्या ॲक्शनपटांवर पानभर लेख आला होता. माहिती भरपूर होती. पण हाँगकाँगच्या हसत-खेळत मारामारीच्या, तिथल्या कँटोनीज बोलीतल्या सिनेमांना लेखकानं चार ओळींत वाटेला लावलं. पोरखेळ म्हणून बोळवण केली आणि गडी लगेच ब्रूस लीकडे वळला. मी शाळेत खेळ शिकवण्यात नोकरी घालवली. कबड्डी, खो-खो, लेझीम आणि ज्यांच्या घरचे हो म्हणत त्या मुलींना दोरीचा मल्लखांब. तेव्हा पोरखेळावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं धरून चालते. पत्र लांबलं तर कात्री तुमच्याच हातात आहे.

आमच्या पेठेत हे सिनेमे आले ते भाड्याच्या व्हीसीआरवरून. सुट्टीत तालमीतली पोरं वर्गणी काढायची, कुणाच्या तरी सोप्यात टीव्ही मांडायची आणि रात्रभर एकामागून एक कॅसेट. आम्ही मुली मागं, उंबऱ्याशी. थोरला भाऊ सोबत असल्यामुळे आईचा आक्षेप नसायचा. आवाज इंग्रजीत भरलेला, ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. त्या घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं. पैलवान पोरं पडद्यावरच्या माणसांना डाव सांगायची. "आरं, पट काढ की!" "ह्याचा पाय कच्चा हाय, टांग लाव!" हिंदी सिनेमातली मारामारी लागली की हीच पोरं पाणी प्यायला उठायची.

याचं कारण माझ्या मते सरळ आहे. कोल्हापूरच्या माणसाला अंग वाचता येतं. 1912 साली शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधून घेतलं, तेव्हापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, इथला प्रेक्षक वजन कुठल्या पायावर आहे, दम कुणाचा सुटलाय, पकड ढिली कधी झाली हे बघत आलाय. त्याला खोटी मारामारी लगेच कळते. आणि हाँगकाँगवाले त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत पूर्ण माणूस दाखवत होते.

आता लेखातल्या ब्रूस लीविषयी. माणूस मोठाच. पण 20 जुलै 1973 ला तो गेला आणि निर्मात्यांनी त्याच्या नकला शोधायला सुरुवात केली. जॅकी चॅनलाही आधी तोच साचा लावला होता, तशाच रागीट चेहऱ्यानं उभा केला होता. सिनेमे पडले. 1978 साली युएन वू-पिंग या दिग्दर्शकानं त्याला मोकळा सोडला आणि 'स्नेक इन द ईगल्स शॅडो', 'ड्रंकन मास्टर' असे दोन सिनेमे एका वर्षात आले. ब्रूस लीनं ठोसा मारला की समोरचा आडवा. जॅकीनं मारला की समोरचा आडवा होतोच, पण जॅकी स्वतःचा हातही झटकतो, बोटांवर फुंकर मारतो, डोळे पांढरे करतो. त्याला लागतं! हिंदी सिनेमाच्या नायकाला तेव्हा काही लागत नव्हतं. ओठाच्या कोपऱ्यात कुंकवाएवढं रक्त दिसलं की झालं.

'ड्रंकन मास्टर'मधला पोरगा म्हणजे वाँग फेई-हुंग, दक्षिण चीनमधला खराच होऊन गेलेला वैद्य आणि वस्ताद. कँटोनीज सिनेमात 1949 पासून क्वान टाक-हिंग या नटानं त्याला वर्षानुवर्षं साकारलं, ते संयमी, पोक्त गुरुजी म्हणून. त्याच पूज्य माणसाला या सिनेमानं टवाळ, कामचुकार, बापाच्या हातचा मार खाणारा कार्टा करून टाकला. आपल्याकडे असं काही केलं असतं तर दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला असता. तिकडे लोकांनी डोक्यावर घेतला. मग या कार्ट्याला एक दारुडा म्हातारा वस्ताद भेटतो आणि मेहनत करून घेतो. उलटं टांगून खालच्या बादलीतलं पाणी छोट्या पेल्यांनी वरच्या बादलीत भरायला लावतो. आमच्या सोप्यात यावर हसता हसता लोळण घेणाऱ्या पोरांना पहाटे हौदातली माती उकरायला आणि जोर मारायला वस्तादच उठवत होता. त्यांच्यासाठी ही गंमत परदेशी नव्हती.

या सिनेमातलं मला सर्वांत आवडतं ते वेगळंच. दारूच्या आठ देवांच्या आठ शैली शिकायच्या असतात. त्यातली एक शैली बाईची. कार्टा ती शिकायचं टाळतो, कारण बायकी हावभाव करायची लाज. शेवटच्या मारामारीत सात शैली संपतात, समोरचा खुनी काही हटत नाही, आणि मग याला नेमकी तीच आठवी शैली स्वतःच्या डोक्यानं जुळवावी लागते. नटत-मुरडत, कंबर लचकवत तो त्या खुन्याला बडवतो. मी नंतर शिक्षिका झाल्यावर मुलांच्या संघातल्या एखाद्यानं "हे पोरींचं हाय" म्हणून लेझीम टाकली, की मला हा शेवट आठवायचा.

मुद्द्याचं सांगते. खेळाच्या शिक्षकाचं पहिलं काम पडायला शिकवणं हे असतं. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, हात ताठ न ठेवता खांद्यावरून गोल जायचं. पडायची भीती गेल्याशिवाय मूल उडी मारत नाही, चढत नाही, चढाईला गेलं तर रेषेवरूनच परततं. मुलींना तर घरून शिकवलेलं असतं की पडू नकोस, लोक हसतील. आणि इथे हे सिनेमे! त्यांतला नायक पायऱ्यांवरून पडतो, सायकलीवरून पडतो, स्टुलावरून पडतो, लोक हसतात, त्यांनी हसावं म्हणूनच तो पडतो, आणि उठून पुन्हा लढतो. 1983 च्या 'प्रोजेक्ट ए'मध्ये जॅकी चॅन मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो आणि हात सुटल्यावर कापडी छपरं फाडत जमिनीवर येतो. 1923 साली हॅरॉल्ड लॉईडनं मूकपटात घड्याळाला लटकून लोकांना हसवलं होतं, त्याला केलेला हा मुजरा. फरक एवढाच की लॉईड लटकला, हा लटकून पडलासुद्धा. ते पडणं सिनेमात दोनदा दाखवलंय, म्हणजे शंकेला जागा नको. शेवटी नावं वर सरकत असताना फसलेले प्रयत्नही दाखवायचे. चुकलेली उडी, सुजलेला पाय, कॅमेऱ्यामागच्या माणसांची धावपळ. इतका प्रामाणिक शेवट मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेला नाही.

ही तयारी आली कुठून? चायनीज ऑपेराच्या शाळेतून. यू जिम-युएन या गुरूंच्या हाँगकाँगमधल्या शाळेत सामो हुंग, जॅकी चॅन, युएन बियाओ, कोरी युएन, युएन वाह ही सगळी मंडळी लहानपणापासून एकत्र वाढली. पुष्कळांनी तर गुरूच्या नावातला 'युएन' स्वतःला लावून घेतला, आपल्याकडे गाणारे घराणं सांगतात तसं. गाणं, अभिनय, कोलांट्या, शस्त्रं, सगळं एकाच अंगात भरायचं. पुढे ऑपेराचा प्रेक्षक आटला. ही पोरं सिनेमात मार खाणारी झाली. ब्रूस लीच्या 1972 च्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'त खलनायकाच्या जागी लाथ खाऊन उडालेला जॅकी आहे, आणि 'एंटर द ड्रॅगन'च्या सुरुवातीला ब्रूस लीशी भिडणारा गुबगुबीत गडी म्हणजे सामो. आपल्या तमाशात सोंगाड्याला नाच, गाणं, बतावणी सगळं यावं लागतं आणि हशा नेमका कुठं येतो ते ढोलकीवाल्याच्या आधी त्याला कळावं लागतं. तसंच यांचं. हात कधी उगारायचा आणि डोळे कधी फिरवायचे हे दोन्ही एकाच तालमीत शिकलेलं.

मात्र त्या शाळेचं कौतुक मी करणार नाही. छडीचा मार, तासन् तास हातांवर उभं राहणं, आईबापांनी वर्षानुवर्षांच्या करारानं सोडून दिलेली मुलं. असल्या शिक्षणातून कलावंत निघाले म्हणून ते शिक्षण चांगलं ठरत नाही. पुढचा धोकाही तसाच. 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी युगोस्लाव्हियात झाडावरून पडून जॅकी चॅनची कवटी फुटली होती. खेळ शिकवणारी बाई म्हणून मला तो प्रसंग आठवला की राग येतो. त्या झाडाखाली नीट गादी घातली असती तर सिनेमाचं काय बिघडणार होतं?

सामो हुंगबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पुरवणीत त्याचं नावही नाही. एवढ्या वजनाचा माणूस मांजरासारखा उडतो हे शहरी प्रेक्षकाला आश्चर्य वाटतं. आमच्याकडं ते कुणाला वाटलं नाही. अंगानं जड आणि पायानं हलका पैलवान इथं सगळ्यांनी पाहिलाय. सामो दिग्दर्शकही तसाच. 1984 चा 'व्हील्स ऑन मील्स' त्यानं बार्सिलोनात काढला. त्यात अमेरिकन किकबॉक्सर बेनी उर्किडेझच्या लाथेच्या वाऱ्यानं मेणबत्त्या विझतात. दमल्यावर तो आणि जॅकी क्षणभर थांबतात, जॅकी अंग सैल सोडतो, हसतो, आणि पुन्हा भिडतो. चांगल्या निकाली कुस्तीत मधे अशीच एक जागा येते.

त्याच सामोनं निर्माण केलेला 1985 चा 'मिस्टर व्हँपायर' माझ्या शाळेतल्या मुलींना मी तोंडी सांगत असे. त्यातली भुतं दोन्ही पाय जोडून उड्या मारत येतात आणि माणसाला श्वासावरून ओळखतात. श्वास रोखला की भूत शेजारून निघून जातं. चिकट तांदूळ हा त्यांच्यावरचा उतारा. लाम चिंग-यिंगचा मांत्रिक अगदी गंभीर, आणि त्याचे चेले अर्धवट. दम टिकत नाही अशी तक्रार करणाऱ्या चढाईच्या मुलींना मी म्हणायची, "समोर भूत उभं आहे असं समज." हसायच्या, पण दम धरायच्या.

बायकांचं म्हणाल तर या सिनेमांत दोन्ही टोकं आहेत. पुष्कळ ठिकाणी बाई नुसती किंचाळते, तिच्या अंगावरून पाणचट विनोद होतात, आणि ते आज बघवत नाहीत. पण 1981 च्या 'माय यंग आँटी'मध्ये कारा हुई घरातल्या बाप्यांना लोळवते, आणि हाँगकाँग फिल्म ॲवॉर्ड्सच्या पहिल्याच वर्षी, 1982 मध्ये, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान त्यासाठी घेते. मिशेल योला 2023 मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा सगळ्यांना ती कळली. तिचा 'येस, मॅडम' तर 1985 चा आहे. बॅले शिकलेली ही पोरगी त्यात कठड्याला पाय अडकवून मागच्या मागे काच फोडत झुकते आणि खालच्या दोघांना हातांनी ओढते. मल्लखांब केलेल्या मुलीला त्यातली पोटाची ताकद समजेल. आणि 2004 च्या 'कुंग फू हसल'मधली घरमालकीण! केसांना रोलर, तोंडात सिगारेट, भाडेकरूंवर सतत आरडाओरडा. ती युएन चिउ, त्याच ऑपेराच्या शाळेतली, बरीच वर्षं पडद्यापासून लांब राहून आलेली. असल्या घरमालकिणी मी मंगळवार पेठेत पाहिल्या आहेत, फक्त त्यांना उडता येत नव्हतं. निदान आमच्यासमोर तरी.

हल्लीचे ॲक्शनपट नातवंडांबरोबर बघते. एक ठोसा पाच तुकड्यांत दाखवतात. हात एका चित्रात, चेहरा दुसऱ्यात, तिसऱ्यात कॅमेराच हलतो. कुणी कुणाला मारलं ते आवाजावरून समजून घ्यायचं. नायक दहा मजल्यांवरून पडतो आणि जमीन फुटते, त्याचं काही होत नाही. मुलं टाळ्या वाजवतात, हसत मात्र नाहीत. लागलेलंच नाही तर हसायचं कशावर?

कोल्हापूरनं 1920 मध्ये 'सैरंध्री' काढला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की त्यावर सेन्सॉरची कात्री चालली. पडद्यावरची झटापट या गावाला नवी नाही. म्हणून आपल्यामार्फत इथल्या फिल्म सोसायट्यांना एक सुचवते. महोत्सवात इराण, फ्रान्स, कोरिया सगळं येतं, ते येऊ द्या. त्यात एक दुपार या सिनेमांसाठी ठेवा. 'ड्रंकन मास्टर', 'प्रोजेक्ट ए' आणि 'माय यंग आँटी' एवढे तीन पुरेत. मूळ कँटोनीज आवाजात, खाली मराठी अक्षरं. भाषांतराला माणूस मिळाला नाही तर नुसती अक्षरांशिवाय लावा, आम्ही तशीच पाहिली होती. तालमींतल्या आणि मर्दानी खेळांच्या आखाड्यांतल्या मुलामुलींना फुकट सोडा, तिकीट आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांना लावा. मुलं गोळा करायचं काम मी घेते. सिनेमा सुटल्यावर ती बाहेर कोलांट्या मारणारच, म्हणून दोन-तीन गाद्या आणि पहिल्या पडण्याला हनुवटी धरायला एक जाणती बाई, एवढी सोयही मीच करीन. चांगल्या जाड गाद्या कुठे मिळतात ते मला माहीत आहे.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर