आवाहन : आपल्या दिव्यांग लेकरांसाठी तालुक्यातच दुभाषी घडवू या

सप्रेम नमस्कार.

अमळनेर परिसरातल्या दिव्यांग मुलांच्या पालकांचे आपले मंडळ सर्वांना ठाऊक आहेच. पण आजवरचे ऋण मान्य केल्याशिवाय नवे मागवत नाही. वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हा आपल्या मुलांच्या पणत्या-पिशव्यांना दुकानदार बांधव स्वतःची जागा आवरून स्टॉल मांडू देतात. मार्केट यार्डातल्या एका शेठजींनी, नाव कुठेही छापायचे नाही या अटीवर, पहिली श्रवणयंत्रे दिली. पारोळ्याच्या निवृत्त बाई पेन्शनमधून ब्रेल पाट्या पाठवतात, सोबत प्रत्येक मुलासाठी राजगिऱ्याचा लाडू असतोच. आणि सुरतेला कामाला गेलेली आपली पोरे! अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी आली, वर्गणी काढली आणि व्यायामाच्या खोलीवर स्लॅब टाकूनच परत गेली. ही माणसे आहेत म्हणून मंडळ आहे.

आता मागणे आहे ते मोबाईलवरून होणाऱ्या छळाविरुद्ध. कर्णबधिर मुलांच्या हातातून फोन काढून घेणे हा उपाय नाही. व्हिडिओ कॉलवर हातांनी बोलता येते, त्यांची सगळी मैत्री तिथेच आहे. तिथेच कुणी गोड बोलून फोटो मागतो आणि मग तोच फोटो नातेवाइकांना पाठवण्याची धमकी देतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला रिचार्जचे आमिष पुरते. अंध मुलाच्या फोनचा पिन बहुधा दुसऱ्याच कुणाला माहीत असतो. घरात मात्र एकच वाक्य : ‘तिले काय समजस!’ तिला सगळे समजते. सांगता येत नाही, कारण ऐकणाऱ्याला तिची भाषा येत नाही.

अलीकडे अशाच एका मुलीला घेऊन तिची आई तक्रार द्यायला गेली. मुलगी हातांनी सांगत होती आणि समोरचे आईकडे बघत होते. आईला जेवण, पाणी, शाळा एवढ्याच घरगुती खुणा येतात. आणि जे सांगायचे होते ते आईसमोर कोणती मुलगी सांगेल? तिने हात मांडीवर ठेवले ते उचललेच नाहीत. कोण, कुठली हे कृपया विचारू नका. पीडित बालकाची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे.

बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम २६ नुसार दिव्यांग बालकाचा जबाब घेताना विशेष शिक्षक किंवा त्याची भाषा जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेता येते. २०२० च्या नियमांप्रमाणे अशा दुभाषींची नोंदवही जिल्हा बाल संरक्षण कक्षात ठेवायची असते. पण नोंदवहीत नाव येण्यासाठी मान्यताप्राप्त शिक्षण लागते, आणि सांकेतिक भाषा दुभाषीची पदविका दोन वर्षांची आहे. ती करायला आपल्याकडची एक मुलगी आणि एक मुलगा तयार आहेत. दोघेही कर्णबधिर भावंडांसोबत वाढले आहेत, अहिराणी बोलणारे आहेत. बाहेरगावी राहण्या-जेवण्याचा खर्च त्यांच्या घरच्यांना झेपणारा नाही.

मनातले बोलतो. मागच्या वर्षी याच विषयावर सभा घेतली, तेव्हा खुर्च्या रिकाम्या राहिल्या. ‘असले विषय चारचौघांत नको’ असा निरोपही आला. मंडप, मिरवणूक, भंडारा यांना हात आखडत नाही असे आपले गाव. आमच्या लेकरांच्या वेळीच संकोच का व्हावा, याचे वाईट वाटले. तरी पुन्हा दारात आलो आहोत.

पालकांना एक कळकळीची विनंती : असे काही कळले तर रागाच्या भरात फोन फोडू नका, मेसेज पुसू नका, तोच पुरावा असतो. मुलावर ओरडू नका. १०९८ (बालकांची मदतवाहिनी) किंवा ११२ (आपत्कालीन सेवा) वर फोन करा. आपापसात मिटवू नका. माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा पोक्सोखाली गुन्हा आहे.

मदत : रोख किंवा मंडळाच्या नावे चेक, रोज सायंकाळी ५ ते ७ मंडळाच्या कार्यालयात (रविवारी सकाळी), पावती अवश्य घ्यावी. एकरकमी जमत नसल्यास दरमहा थोडेथोडे चालेल. दिल्ली-मुंबईत या दोघांची राहण्याची सोय करू शकणाऱ्यांनी आधी कळवावे. चालू स्थितीतले जुने स्मार्टफोन (चार्जरसह) प्रशिक्षणासाठी हवेत. अहिराणीतून पालकांशी बोलू शकतील अशा शिक्षिका, आशाताई यांनी नाव नोंदवावे. प्रवेशाचे फॉर्म भरायचे आहेत, म्हणून या महिनाअखेरपर्यंत कळवावे ही विनंती.

आपला नम्र,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)