समाविष्ट गावांचा अनुशेष एकदा मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुणे महापालिकेचे नवे सभागृह आले आहे. अंदाजपत्रकावर पुन्हा नगरसेवक बोलतील, भांडतील, आपापल्या प्रभागासाठी निधी मागतील. त्या गडबडीत समाविष्ट गावांची, म्हणजे अलीकडे शहरात घेतलेल्या गावांची, एक मागणी आपल्या वृत्तपत्रातून त्यांच्यापुढे ठेवावी म्हणून हे पत्र लिहिते आहे: आमच्या नागरी सुविधांचा अनुशेष, म्हणजे राहून गेलेली तूट, एकदा मोजा.

मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. सिंहगड रस्त्याच्या पुढच्या अंगाला आमचे गाव. मी सून म्हणून आले तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती. 2017 मध्ये 11 गावे पुणे महापालिकेत आली आणि 30 जून 2021 रोजी आणखी 23. त्या 23 मध्ये आम्हीही शहरवासी झालो.

कराच्या बाबतीत कायदा समंजस आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 129 अ नुसार गाव शहरात आले म्हणून मिळकतकर एका फटक्यात शहराच्या दरावर जात नाही. तो दरवर्षी 20 टक्क्यांनी चढवत पूर्ण दरावर न्यायचा असतो. पुढे राज्य सरकारने समाविष्ट गावांतल्या करवसुलीला स्थगितीही दिली. गावात अनेकांना त्याचा आनंद झाला. मला झाला नाही. स्थगितीने थकबाकी मिटत नाही, आणि ‘तुम्ही कर कुठे भरता?’ हे उत्तर मात्र समोरच्याला आयते मिळते. माझे म्हणणे वेगळे आहे. कर कोणत्या वर्षी किती टक्के घ्यायचा हे कायद्याने ठरवून दिले, तसे कोणत्या वर्षापर्यंत किती घरांना नळ, किती गल्ल्यांना ड्रेनेज, किती लोकांमागे एक दवाखाना, हे कुठेच ठरवून दिलेले नाही. घेण्याला वेळापत्रक आहे, देण्याला नाही.

याची किंमत काय असते ते जानेवारी 2025 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. दूषित पाण्याशी संबंध जोडल्या गेलेल्या जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सर्वाधिक सापडले ते सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात. पुणे परिसरातील रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. नांदेडच्या विहिरीतून आसपासच्या गावांना जाणारे पाणी कोणत्याही शुद्धीकरण प्रकल्पातून जात नव्हते, फक्त क्लोरीन टाकून सोडले जात होते. आणि खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर! शहराला पाणी नेणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या आमच्याच अंगणातून पर्वतीच्या जलकेंद्राकडे जातात. धरण उशाला आणि कोरड घशाला, अशी आमची गत. उन्हाळ्यात सोसायट्यांच्या दारात टँकरची रांग लागते. त्या टँकरचे पैसे मिळकतकराच्या पावतीत दिसत नाहीत, पण घरखर्चाच्या वहीत दर महिन्याला दिसतात.

पैसा नाही, असे म्हणता येणार नाही. 2025-26 चे महापालिकेचे अंदाजपत्रक 12,618 कोटी रुपयांचे होते. पण ते पुस्तक उघडून आपल्या गावाच्या वाट्याला काय आले ते शोधू पाहा. मांडणी मुख्यतः खात्यांची आहे: पाणीपुरवठा, पथ, ड्रेनेज. शिवाय कागदावरची तरतूद म्हणजे खर्च नव्हे. वर्ष संपत आले की ‘वर्गीकरण’ होते आणि एका कामाचा निधी दुसऱ्या कामाकडे वळतो. ज्यांचा माणूस सभागृहात खमका, त्यांचा निधी टिकतो. आणि मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत सभागृहच नव्हते. म्हणजे 23 गावांच्या शहरातल्या आयुष्याचा बहुतेक काळ प्रशासकाच्या राजवटीत गेला. आमच्या ग्रामसभेत आरडाओरडा व्हायचा, पण सरपंचाला उभे राहून जमाखर्च वाचावा लागे. ती सोय आम्ही गमावली आणि तिच्या जागी काही आले नाही.

यात आणखी दोन गाठी आहेत. जुलै 2021 मध्ये या 23 गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, नेमणूक झाली. बांधकाम परवानगीचे शुल्क एका दारात आणि त्या इमारतीत राहायला आलेल्या माणसांच्या पाण्याची, कचऱ्याची जबाबदारी दुसऱ्या दारात, असा हा कारभार. दुसरी गाठ लोकसंख्येची. 2021 ची जनगणना झालीच नाही, म्हणून नवी प्रभागरचनाही 2011 च्या आकड्यांवर, सुमारे 34 लाख 81 हजार लोकसंख्येवर झाली. 2011 साली आमच्याकडे जिथे भाताची खाचरे होती तिथे आज बारा-बारा मजले उभे आहेत. त्या मजल्यांवरची माणसे सरकारी हिशेबात अजून जन्मलेलीच नाहीत.

मग वाटणी न्याय्य करायची कशी? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1983 मध्ये राज्य सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणारी समिती नेमली. दांडेकर आपल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रे घेतली, राज्याची सरासरी हे माप धरले आणि कोणता जिल्हा त्या सरासरीच्या किती खाली आहे, ते भरून काढायला किती पैसे लागतील, ते मांडले. 1984 च्या अहवालात हा अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये निघाला. आकड्यांवर वाद झाले, विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष नंतरही रेंगाळला, हे सगळे मी वर्गात शिकवले आहे. तरीही त्या अहवालाने एक मोठे काम केले. ‘आमच्यावर अन्याय होतो’ या तक्रारीला आकडा दिला, आणि आकडा एकदा छापला गेला की तो विसरता येत नाही.

हेच पुण्यात व्हायला हवे. दर हजार घरांमागे नळजोड किती, मलवाहिनी किती, डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता किती, दवाखाने आणि महापालिकेच्या शाळा किती, एवढे प्रत्येक गावासाठी आणि जुन्या शहराच्या प्रत्येक प्रभागासाठी मोजा. घरांची संख्या मिळकतकराच्या नोंदींवरून घ्या, 2011 वर थांबू नका. शहराची सरासरी काढा. जो सरासरीखाली, त्याची तूट रुपयांत मांडा आणि अंदाजपत्रकात तिच्यासाठी वेगळे शीर्षक ठेवा, ज्यातून वर्गीकरण करता येणार नाही.

सदाशिव पेठेत राहणारे माझे भाऊ विचारतात, आमच्या करातून तुमचे रस्ते का? त्यांची तक्रार मी झटकत नाही. पेठांतल्या मलवाहिन्या जुन्या झाल्या आहेत, वाड्यांचे प्रश्न तसेच पडून आहेत. पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत तर शहराच्या मध्यावर राहूनही लोक पाण्यासाठी झगडतात. म्हणूनच मोजणी फक्त गावांची नको. कदाचित एखादी वस्ती आमच्याहून मागे निघेल. तसे निघाले तर पहिला पैसा तिला द्यावा, आमची हरकत असणार नाही. पण शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी-फुरसुंगीने घेतला, शहरात काम करणाऱ्यांना परवडणारी घरे या गावांच्या जमिनीवर उभी राहिली. 2024 मध्ये उरुळी देवाची आणि फुरसुंगी महापालिकेबाहेर पडून वेगळी नगरपरिषद झाली. उरलेली 32 गावे शहरातच राहणार आहेत, तेव्हा त्यांचा खर्च हा शहराचाच खर्च आहे.

स्थायी समितीने या वर्षी निदान मोजणीपुरती तरतूद करावी आणि तिचा तक्ता क्षेत्रीय कार्यालयांच्या फलकावर मराठीत लावावा. कामाला माणसे कमी पडतात असे म्हणू नये. अर्थशास्त्राचे, भूगोलाचे कितीतरी विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. आमच्या गावाची गल्लीवार मोजणी करायला माझे जुने विद्यार्थी घेऊन मी स्वतः येईन. महापालिकेने नमुना फॉर्म तेवढा द्यावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सिंहगड रस्ता परिसर, पुणे